फरशीवरचे शेवाळ : पाय का घसरतो आणि काय करावे?



मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की अंगणातील फरशीचा रंग बदलू लागतो. आधी कडेला, मग पागोळीखाली, मग धुण्याच्या दगडाभोवती हिरवट छटा येते. श्रावण उजाडेपर्यंत विहिरीचा काठ, तुळशीवृंदावनाचा चौथरा, पाखाडीच्या पायऱ्या, सारे हिरवेगार होते. दिसायला हे सुंदर असते; पण घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "जपून, शेवाळ आहे!"

हे वाक्य उगाच बोलले जात नाही. तुमच्यासारखी मुले घसरली, तर गुडघा खरचटतो आणि विसरून जाते. घरातील आजी-आजोबा घसरले, तर खुब्याचे हाड मोडू शकते, आणि म्हातारपणी असे मोडलेले हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. म्हणून फरशीवरच्या शेवाळाकडे केवळ घाण म्हणून न पाहता एक प्रश्न म्हणून पाहू. पाय घसरतो म्हणजे नेमके काय होते? शेवाळ घालवावे कसे? आणि मुख्य म्हणजे, घालवलेले शेवाळ परत का येते?

शेवाळ म्हणजे कोण?

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात निरनिराळे जीव असतात. काही खरी हिरवी शैवाले असतात. काही नॉस्टॉक, ऑसिलेटोरिया यांसारखे नीलहरित जीव असतात. त्यांना पूर्वी शैवालांतच गणत; आता ते जीवाणूंच्या गटात मोडतात. मखमलीसारखे मऊ दिसणारे, इवल्या इवल्या पानांचे मॉस हे याहून वेगळे. भिंगातून पाहिलेत, तर मॉसची पाने सहज ओळखू येतील. शैवालाला पाने, मुळे, खोड यांपैकी काहीच नसते.

या जीवांच्या पेशी व बीजुके हवेतून, पाण्यातून, आपल्या पायांतून सगळीकडे जातात. म्हणजे तुमच्या फरशीवर शेवाळाचे 'बी' नेहमीच असते. त्याला हवे असते ते फक्त पाणी, थोडा उजेड आणि धुळीतून मिळणारे चिमूटभर क्षार. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मग आणखी काय पाहिजे?

मे महिन्यात फरशीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर काळपट डाग दिसतात, ते नीट पाहून ठेवा. त्यांतील पुष्कळसे म्हणजे वाळलेले नीलहरित जीवच असतात. त्यांच्या आवरणातील गडद रंगद्रव्य कडक उन्हापासून त्यांचे रक्षण करते. नॉस्टॉक वाळून कित्येक वर्षे तसेच पडून राहू शकते आणि पाणी मिळताच पुन्हा जागे होते. उन्हाळ्यात शेवाळ मरते असे आपल्याला वाटते. बहुधा ते झोपलेले असते.

बुळबुळीतपणा कोठून येतो?

सब्जाचे बी पाण्यात टाकून दहा मिनिटांनी पाहा. प्रत्येक बीभोवती पारदर्शक बुळबुळीत वेष्टन तयार झालेले दिसेल. ते बहुशर्करांचे, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचे असते. या साखळ्या आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतात. भेंडीचा चिकटपणा आणि भिजवलेल्या इसबगोलाची लापशी हा त्यातलाच प्रकार.

शैवालाच्या आणि नीलहरित जीवांच्या पेशीही स्वतःभोवती असेच आवरण निर्माण करतात. त्यांना त्याचा दुहेरी उपयोग होतो. दगडाला घट्ट चिकटून राहता येते आणि पाऊस थांबला, तरी पाणी साठवून ठेवता येते. यातील दुसरी गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचा संबंध येणार आहे.

पाय का घसरतो?

चालताना आपण पुढचा पाय तिरका टेकवतो. त्यामुळे टाच जमिनीला नुसती खाली दाबत नाही, तर पुढेही ढकलते. या पुढच्या ढकलीला जमिनीच्या घर्षणाने विरोध केला, तरच पाय जागेवर राहतो.

एक सोपा हिशेब करू. पायाची लांबी ८० सेंटिमीटर आणि पावलाचे अंतर ६० सेंटिमीटर धरा. पाऊल टेकण्याच्या क्षणी प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून ३० सेंटिमीटर कललेला असतो. पायथागोरसच्या सिद्धांताने उंची सुमारे ७४ सेंटिमीटर येते. आडवे बल आणि उभे बल यांचे गुणोत्तर ३० ÷ ७४, म्हणजे सुमारे ०.४० झाले. फरशी आणि चप्पल यांच्यामधील घर्षणांक यापेक्षा कमी असेल, तर पाय सरकणार.

आता पाऊल ४० सेंटिमीटरचे करा. गुणोत्तर २० ÷ ७७.५, म्हणजे ०.२६ येते. पाऊल २० सेंटिमीटरचे केले, तर ते केवळ ०.१३ होते! निसरड्यावरून जाताना आजी लहान लहान पावले टाकते, त्यामागे हे त्रिकोणमितीचे गणित आहे. (आपला हिशेब पाय काठीसारखा ताठ धरून केला आहे. गुडघा वाकतो, शरीर धक्का सोसून घेते. त्यामुळे नेहमीच्या चालीत प्रत्यक्ष मोजलेले गुणोत्तर ०.२ च्या आसपास असते.)

कोरड्या खडबडीत दगडावर रबरी तळव्याचा घर्षणांक ०.६ किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे भरपूर शिल्लक राहते. मग शेवाळावर ही शिल्लक जाते कोठे?

एका क्षणाची शर्यत

ओल्या फरशीवर पाऊल पडते, तेव्हा चप्पल आणि दगड यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर सापडतो. तो थर बाजूला दाबून निघाला, तरच रबर दगडाला भिडते. थर निघण्यास किती वेळ लागतो? दोन तबकड्यांमधील द्रवाविषयी हा प्रश्न ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८७४ मध्ये सोडवला. उष्णतेच्या प्रारणाच्या नियमात ज्यांचे नाव तुम्ही पुढे वाचाल, तेच हे स्टेफान. त्यांच्या सूत्राप्रमाणे हा वेळ द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाच्या, सम प्रमाणात असतो. दाबणाऱ्या बलाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आणि तबकडीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असतो.

टाच म्हणजे २ सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी आणि तिच्यावर ६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६० किलो माणसाचे वजन, असे मानू. मधला थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ होण्यास साध्या पाण्याच्या बाबतीत सुमारे ०.००६ सेकंद लागतो. पाय सरकतो की टिकतो, हे पाऊल टेकल्यावर सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागातच बहुधा ठरते. त्या मानाने पाणी फार लवकर बाजूला होते. म्हणून स्वच्छ, खडबडीत फरशी ओली असली, तरी आपण सहसा पडत नाही.

आता पाण्याऐवजी त्याच्या शंभरपट श्यानतेचा बुळबुळीत पदार्थ कल्पा. वेळही शंभरपट होतो : ०.६ सेकंद! एवढ्या वेळात पाय जमिनीवर टेकून उचललाही जातो. रबर आणि दगड यांची भेटच होत नाही. शिवाय शेवाळाचा थर जेलीसारखा असतो. तो दगडाला चिकटलेला असला, तरी आतल्या आत सहज फाटतो आणि त्याचा वरचा भाग पायाबरोबर सरकतो.

यातून बचावाची एक वाटही सापडते. तीच टाच २ मिलिमीटर त्रिज्येच्या शंभर लहान गोल ठोकळ्यांत विभागा. एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. त्रिज्या दहावा भाग झाल्याने चौथा घात दहा हजारावा भाग होतो. प्रत्येक ठोकळ्यावरील बल शंभरावा भाग होते. म्हणजे वेळ एकंदर शंभरपट कमी, पुन्हा ०.००६ सेकंद! चपलेच्या तळव्यावरील खाचा आणि उंचवटे हे काम करतात. म्हणून झिजून गुळगुळीत झालेली चप्पल पावसाळ्यात टाकून द्यावी. दगडाला टाकी लावून तो खडबडीत केला, तरी हाच लाभ होतो. मात्र खाचा शेवाळाने भरून गेल्या, की लाभ संपला.

शेवाळ काढावे कसे?

*घासणे :* सर्वांत चांगला उपाय हाच. खराटा, ताठ ब्रश किंवा नारळाचे सोडण घ्यावे, थोडी जाडी वाळू टाकावी आणि घासावे. निघालेला लगदा पाण्याबरोबर दुसरीकडे न लोटता सुपलीने गोळा करून झाडाच्या मुळाशी टाकावा. नाहीतर आपण शेवाळाची लागवडच पुढच्या फरशीवर करू.

*ब्लीचिंग पावडर :* घासल्यानंतर उरलेले शेवाळ मारण्यासाठी हिचा उपयोग होतो. चांगल्या पावडरीत सुमारे ३० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर ढवळून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी फरशीवर टाकावी, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा घासून भरपूर पाण्याने धुवावे. आधी घासणे आवश्यक आहे, कारण शेवाळाचा जाड थर वरच्या वर क्लोरीन खाऊन टाकतो आणि तळाच्या पेशी वाचतात. हे काम मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून व डोळे सांभाळून करावे. पाणी विहिरीत, कुंडीत किंवा माशांच्या टाकीत जाता कामा नये.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. मोरी धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. "पावडरने गेले नाही, मग वर थोडे ॲसिड टाकू" असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. या दोहोंची क्रिया होऊन क्लोरीन वायू बाहेर पडतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्याने खालीच साचतो आणि वाकून घासणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जातो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडलेला विषारी वायू हाच. पावडरीत अमोनिया असलेले द्रवही मिसळू नयेत. त्यातूनही विषारी वायू निघतात.

*नुसते ॲसिड :* शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड टाकताच ती फसफसते, म्हणजेच विरघळते. शेवाळाबरोबर दगडाचा पृष्ठभाग जातो, बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पुढच्या वर्षी पाणी अधिक साचते.

*मोरचूद :* सुपारीच्या बागांत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तो हा. तांबे शैवालाला मारक असते, हे खरे. पण ते मातीत साचून राहते आणि मासे, बेडकांची पिल्ले यांनाही मारक असते. अंगणातील पाणी शेवटी ओढ्यालाच मिळते. फरशीसाठी त्याचा वापर टाळावा.

*मीठ :* याने शेवाळ दबते, पण झाडे जळतात आणि काँक्रीटमधील लोखंड गंजते.

घालवलेले शेवाळ परत का येते?

वरीलपैकी कोणताही उपाय केला, तरी फरशी पहिल्यासारखीच ओली राहिली, तर काही आठवड्यांत हिरवी छटा पुन्हा दिसेल. 'बी' सगळीकडे आहेच, हे आपण पाहिले. म्हणून खरा प्रश्न 'शेवाळ कसे मारावे' हा नसून 'फरशी ओली का राहते' हा आहे. येथे आपण पाण्याचा जमाखर्च मांडू.

एका चौरस मीटर फरशीवर केवळ १ मिलिमीटर पाणी साचले, असे समजा. ते झाले १ लिटर, म्हणजे १ किलोग्रॅम. त्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. फरशीवर दर चौरस मीटरला ६०० वॉट इतके ऊन पडत असेल आणि ते सर्व याच कामी आले, तर ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. ढगाळ दिवशी झाडाखाली १०० वॉटच मिळाले, तर पावणेसात तासांच्या आसपास! पावसाळ्यातील दमट हवेत तर याहूनही अधिक. तेवढ्यात दुसरी सर येते.

उलट, फरशीला उतार असेल, तर त्यातील बहुतेक पाणी काही मिनिटांत, एक जूलही उष्णता खर्च न करता, वाहून जाते. पाणी वाळवणे महाग. वाहू देणे फुकट.

जमेच्या बाजूला आणखी एक नोंद आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने जमिनीतले पाणी वर चढते. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल, तर सूत्राप्रमाणे पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते. म्हणून वरून पाऊस न पडताही जांभ्याचा चौथरा ओलसर राहतो. आणि शेवाळ एकदा वाढले, की ते स्वतःच्या वेष्टनात पाणी धरते, फरशी वाळू देत नाही आणि स्वतःसाठी सोय करून घेते. म्हणून ते थोडे असतानाच घासावे.

आता उपाय आपोआप सुचतात :

१. फरशी बसवताना एका मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार द्यावा, आणि तो घराकडे नव्हे, तर गटाराकडे.

२. पागोळ्यांखाली पन्हळ लावून छपराचे पाणी एका बाजूस न्यावे. छपरावर पडलेला सारा पाऊस एका अरुंद पट्ट्यात ओतला जातो. सर्वांत जाड शेवाळ तेथेच असते.

३. फरशीवर झुकलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी छाटाव्यात. ऊन आणि वारा दोन्ही मिळतात.

४. पालापाचोळा रोज झाडावा. तो पाणी धरतो, कुजतो आणि क्षारही पुरवतो.

५. सांध्यांतील भेगा व खोलगट जागा भरून घ्याव्यात.

६. विहिरीच्या काठाशी आणि पायऱ्यांवर गुळगुळीत दगड न बसवता टाकी लावलेला दगड बसवावा. शक्य तेथे हाताला कठडा असावा.

७. हे सारे होईपर्यंत चालण्याच्या वाटेवर जाडी वाळू टाकावी किंवा सुपारीच्या झावळ्या पसराव्यात. कोकणात ही चाल जुनीच आहे, आणि तिचे कारण आता तुम्ही सांगू शकाल.

यातील घासण्याचे काम मे महिन्यातच उरकावे. ते काळपट, वाळलेले थर पाणी शिंपडून मऊ करावे आणि खरवडून काढावे. मृगाची वाट पाहणारे 'बियाणे' तेवढे कमी होते.

शेवाळाचा सरसकट राग मात्र धरू नका. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो नीलहरित जीवांच्या पूर्वजांमुळेच. भातखाचरात हेच जीव हवेतील नायट्रोजन जमिनीस मिळवून देतात, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. खाचरात ते आपले मित्र आहेत. पायरीवर मात्र त्यांना जागा देऊ नये.

करून पाहा

*प्रयोग १ :* एका फळीवर फरशीचा तुकडा पक्का बसवा. लाकडी ठोकळ्याच्या तळाला जुन्या चपलेचे रबर चिकटवा व त्यावर एक किलोचे वजन बांधा. ठोकळा फरशीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा सरकू लागताच थांबा आणि उचललेल्या टोकाची उंची व फळीच्या पायाचे आडवे अंतर मोजा. घर्षणांक = उंची ÷ आडवे अंतर. हे मोजमाप कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीवर आणि भिजवलेल्या इसबगोलाचा पातळ थर दिलेल्या फरशीवर करा. प्रत्येक वेळी पाच वाचने घेऊन सरासरी काढा. इसबगोल लावला असता ठोकळा ठेवल्यावर लगेच फळी उचलणे आणि पाच मिनिटे थांबून उचलणे, यांत फरक पडतो का, तेही पाहा. नंतर रबराला ब्लेडने आडव्या-उभ्या खाचा पाडून (हे शिक्षकांकडून करून घ्या) पुन्हा मोजा.

*प्रयोग २ :* जांभ्याचे किंवा विटेचे चार सारखे तुकडे घ्या. एक सावलीत आडवा, एक सावलीत तिरका, एक उन्हात आडवा, एक उन्हात तिरका ठेवा. चौघांवर रोज सारखेच पाणी शिंपडा. कोणता आधी हिरवा होतो, याची महिनाभर नोंद ठेवा.

विचार करा

१. पाऊल टेकताना लागणारे आडव्या व उभ्या बलांचे गुणोत्तर माणसाच्या वजनावर अवलंबून नसते. मग थर दाबून निघण्याचा वेळ वजनावर अवलंबून असतो का?

२. वाळलेल्या शेवाळावर पाय सहसा घसरत नाही, असे का?

३. तुमच्या शाळेच्या आवारात पावसाळ्यात सर्वांत निसरडी जागा कोणती? तेथील पाणी कोठून येते व कोठे अडते, याचा नकाशा काढा आणि तो मुख्याध्यापकांना दाखवा. ते काम पुढच्या मे महिन्यापूर्वी होऊ शकेल.